दादासाठी भरलेले दोन फॉर्म : आमचा अनुभव

माझा दादा ३४ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, आणि हा रिव्ह्यू आहे दोन फॉर्मचा, माणसाचं आयुष्य कसं चाललंय हे त्यालाच विचारणाऱ्या. फॉर्मचा कसला रिव्ह्यू असं वाटेल, पण ज्यांच्या घरात अठराच्या पुढचं ऑटिस्टिक माणूस आहे त्यांना कळेल मी का लिहितेय ते. लहान मुलांसाठी थेरपी आहे, चेकलिस्ट आहेत, पालकांचे ग्रुप आहेत, मोठ्यांना मात्र "तुझं बरं चाललंय ना रे" एवढंसुद्धा कुणी विचारत नाही.

दादाचं आजवर जे काही मोजलं गेलं ते अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी. आयएसएए नावाची आपल्याकडची स्केल आहे, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ मार्क, ७० च्या खाली असेल तर ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र, आणि त्यावरून टक्के ठरतात. तो कागद लागतोच, निरामय नावाच्या सरकारी आरोग्य विम्यापासून सगळीकडे लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातून ऑटिझम किती आहे तेवढंच कळतं. सहा वर्षांपूर्वी दादा दिवसभर खोलीत उशीत डोकं खुपसून पडून असायचा आणि आज रोज डबा घेऊन वर्कशॉपला जातो, पाकिटं चिकटवतो, महिन्याला स्वतःच्या सहीने पैसे घेतो. टक्के तेव्हा जेवढे होते तेवढेच आजही आहेत.

पहिला फॉर्म जागतिक आरोग्य संघटनेचा, डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ. २६ प्रश्न आहेत, त्यातले पहिले दोन एकूण आयुष्याबद्दल आणि तब्येतीबद्दल, बाकीचे २४ शरीर, मन, नाती आणि आजूबाजूची परिस्थिती अशा चार भागांत. हा ऑटिस्टिक लोकांसाठी बनवलेला नाही, सगळ्यांसाठी आहे, आणि मला ते आवडलं, की दादाला तेच विचारतात जे माझ्या साहेबांनाही विचारतील. झोप नीट लागते का, पैसे पुरतात का, जिथे राहतोस ती जागा बरी वाटते का.

पण आम्हाला तो पहिल्यांदा जिथे मिळाला त्या क्लिनिकमध्ये फॉर्म आईच्या हातात दिला आणि दादाला बाहेर बाकावर बसवलं. आईने अर्ध्या तासात भरून दिला. घरी आल्यावर मला राहवलं नाही, मी फॉर्म डाउनलोड करून प्रिंट काढली आणि डायनिंग टेबलवर दादाबरोबर बसले, एकेक प्रश्न मराठीतून वाचून दाखवला आणि उत्तरासाठी पाच वाट्या मांडल्या, एकीत एक शेंगदाणा, दुसरीत दोन, असं पाचपर्यंत. तीन दिवस लागले. मित्रांकडून मिळणाऱ्या आधाराबद्दल प्रश्न आहे, तिथे आईने १ लिहिलं होतं, म्हणजे अजिबात समाधान नाही. दादाने चारची वाटी पुढे सरकवली. मी विचारलं, कोण रे मित्र? तर म्हणाला, "गिरणीवाले काका. स्टूल देतात." दर मंगळवारी तो दळण घेऊन जातो आणि दळण होईपर्यंत तिथेच बसतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्याला कुणी मैत्री म्हटलं नव्हतं. आईला नंतर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. ती काही खोटं लिहीत नव्हती हो, तिला काळजी वाटते तेच तिने लिहिलं. म्हणूनच म्हणते, ज्याला थोडंफार का होईना सांगता येतं त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी हा फॉर्म भरू नये, आणि भरायचाच असेल तर वर स्पष्ट लिहावं की हे आईचं मत आहे.

आता अडचणी. बाकी सगळीकडे ५ म्हणजे चांगलं, पण दुखणं, औषधोपचारांची गरज आणि उदास वाटणं या तीन प्रश्नांत आकडा जेवढा मोठा तेवढं वाईट, मार्क देताना ते उलटे करतात. दादाला एकदा नियम कळला की तो तसाच धरून चालतो, तिथे तो फार चिडला. दुसरं म्हणजे प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात आणि आम्ही भरला विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी! दहा दिवस ढोल आणि डीजे ऐकलेल्या माणसाला झोप कशी लागते विचारल्यावर दुसरं काय उत्तर येणार? लैंगिक आयुष्याचाही प्रश्न आहे, आई म्हणाली तो गाळ, मी गाळला नाही, वाचून दाखवला आणि जरा वेळ स्वयंपाकघरात गेले. त्याने रिकामा ठेवला. चालतं, एक सुटला तरी त्या भागाचे मार्क काढता येतात, पण भरायचा की रिकामा ठेवायचा हे ३४ वर्षांच्या माणसाने स्वतः ठरवायला हवं.

दुसरा फॉर्म एएसक्यूओएल, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी ऑटिस्टिक प्रौढांशी बोलून केलेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त ९ प्रश्न, पहिल्याला जोडून भरायचे. आम्ही घरीच मराठी केलं, त्यामुळे आमचे मार्क कुणाशी ताडून बघता येणार नाहीत, पण प्रश्न सोन्यासारखे आहेत. आजूबाजूचे आवाज, उजेड, वास यांमुळे हवं ते करायला अडतं का? ओळखीच्या माणसांत तू जसा आहेस तसा राहू शकतोस का? आणि आणखी एक, ऑटिझम हा तुझ्या ओळखीचा भाग आहे हे तुला ठीक वाटतं का? असं त्याला आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

आवाजाच्या प्रश्नावर आम्हाला वाटलं गिरणी म्हणेल, किती धडधड असते तिथे. तो म्हणाला कुकर. गिरणी एकसारखी चालते, कुकरची शिट्टी मध्येच येते. एवढी वर्षं तो सकाळी पोहे अर्धे टाकून उठायचा आणि आम्ही त्याला नखरे म्हणत होतो. मला खरंच फार वाईट वाटलं.

पहिल्या फॉर्मला माझे पाचपैकी साडेतीन, दुसऱ्याला साडेचार. अर्धा कापला कारण आपल्याकडे आई-वडिलांनंतर कोण हा जो घोर असतो तो त्या ९ प्रश्नांत हवा तसा येत नाही. कुणाला भरायचा असेल तर घाई करू नका, एका बैठकीत पाच-सहा प्रश्न पुष्कळ झाले, आणि सणाचे दिवस टाळा.

आई आता शिट्टी व्हायच्या आधी "दादा, होतेय हं" असा आवाज देते आणि तो उठून गॅलरीत जातो, पोहे हातात घेऊन. पुढचा फॉर्म संक्रांतीनंतर, कॅलेंडरवर त्याने स्वतः गोल करून ठेवलाय.