दिवाळी अंकाचं काम फुकटच्या साधनांवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

संपादक पुण्यात, मुद्रितशोधक नाशिकला, दोन-तीन लेखक परदेशात आणि अक्षरजुळणीचा संगणक तिसऱ्याच गावात. छोट्या दिवाळी अंकांचं काम आता बऱ्याचदा असंच चालतं. लेख मागवण्यापासून छापखान्याला पीडीएफ देईपर्यंतचे आठ महिने गूगल ड्राइव्ह, डॉक्स, शीट्स आणि क्रोम रिमोट डेस्कटॉप (दूरचा संगणक आपल्या पडद्यावरून चालवण्याचं साधन) एवढ्यावर, एक रुपयाही न भरता, काढल्यानंतरचा हा अनुभव. जागा पुरेल का, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. खरा घोळ मात्र फायलीच्या मालकीत होतो.

तरी जागेचं आधी सांगून टाकतो. फुकट मिळतात ते १५ जीबी ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज या तिघांत मिळून. १ जून २०२१ पासून नव्या डॉक्स-शीट्सही त्यात मोजल्या जातात, पण मजकुराचं वजन नगण्य असतं. जागा खातात ती चित्रं. ए-४ आकाराचं पूर्ण पान ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल. सीएमवायके टिफमध्ये (छपाईच्या चार रंगांच्या चित्रफाइलमध्ये) दर पिक्सेलला चार बाइट धरले तर एका चित्राचे सुमारे ३५ एमबी होतात. अशी चाळीस चित्रं म्हणजे १.४ जीबी. मुखपृष्ठाची थरांसकट फाइल वेगळीच. मजकूरप्रधान अंक १५ जीबीत आरामात बसतो, फोटोंवर आधारलेला अंक बसेलच असं नाही.

इथे एक धोका आहे. जागा पूर्ण भरली की नवी फाइल चढत नाहीच, शिवाय त्या खात्यावर जीमेलचं येणं-जाणंही थांबतं. ऐन सप्टेंबरात लेखकांच्या मेल परत जाऊ लागल्या तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून अंकासाठी स्वतंत्र खातं उघडा. संपादकाच्या खासगी खात्यात आधीच दहा-बारा वर्षांचे फोटो साचलेले असतात. ड्राइव्हच्या 'स्टोरेज' पानावर फायली आकारमानाच्या क्रमाने दिसतात. महिन्यातून एकदा ते पान बघावं, जुनी प्रुफं काढावीत आणि ट्रॅशही रिकामा करावा. ट्रॅश आपोआप रिकामा व्हायला ३० दिवस लागतात, तोवर जागा अडकलेलीच राहते.

आता मालकी. सामायिक फोल्डर संपादकाचं असलं तरी त्यात मुद्रितशोधकाने चढवलेली फाइल मुद्रितशोधकाचीच राहते. जागा त्याच्या खात्यातली जाते, आणि त्याने ती काढून टाकली किंवा त्याचं खातं बंद झालं की ती सगळ्यांसाठी जाते. फोल्डरची मालकी दुसऱ्याला दिली तरी आतल्या फायलींची मालकी बदलत नाही. ती फायलींवर वेगळी बदलावी लागते: शेअरच्या खिडकीत त्या व्यक्तीच्या नावासमोर 'ट्रान्सफर ओनरशिप', मग समोरच्याने मेलमधून स्वीकार करायचा. दोनशे फायलींना हे कोण करणार? त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून नियम ठेवा की प्रत्येक लेखाचं डॉक अंकाच्या खात्यातूनच तयार होईल आणि बाकीच्यांना फक्त संपादनाचा हक्क मिळेल. लेखकाने पाठवलेल्या डॉकची 'मेक अ कॉपी' करून काम त्या प्रतीवरच करा. व्यक्तीऐवजी गटाची मालकी असलेले 'शेअर्ड ड्राइव्ह' फुकट खात्यात मिळत नाहीत. संस्था नोंदणीकृत आणि ना-नफा असेल तर गूगलच्या ना-नफा योजनेसाठी अर्ज करून बघावा.

'ज्याच्याकडे दुवा त्याला संपादन' ही सोय कधीही वापरू नये. दुवा व्हॉट्सॲपवर पुढे जातोच. लेखकाला फक्त 'कॉमेंटर' हक्क द्या, तोही त्याच्या ईमेल पत्त्यावर. आणि व्हॉट्सॲपवरच चित्रं मागवायची असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं आणि छपाईच्या कामाचं राहत नाही.

डॉक्सबद्दल मात्र मनापासून चांगलं बोलावंसं वाटतं. मुद्रितशोधकाने 'सजेस्टिंग'मध्ये काम केलं की प्रत्येक बदललेली वेलांटी रंगात दिसते आणि संपादक ती एकेक मान्य किंवा अमान्य करतो. लेख पक्का झाला की टूल्समधून सगळ्या सूचना एकदम मान्य करता येतात. ते केल्याशिवाय मजकूर अक्षरजुळणीला देऊ नका. व्हर्जन हिस्टरीत टप्प्यांना नावं द्या: 'लेखकाकडून आलेला', 'पहिलं वाचन', 'अंतिम'. एका डॉकला अशी ४० नावं देता येतात, आपल्याला चार पुरतात.

मराठीमुळे येणाऱ्या अडचणी वेगळ्या. 'दुसऱ्या', 'बिचाऱ्या' यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्ता असलेला ऱ वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण 'फाइंड अँड रिप्लेस'ला एक दिला तर दुसरा सापडत नाही. त्यामुळे अंकभर एखादं नाव बदलायचं असेल तर शोध दोन्ही रूपांनी घ्यावा. लांब देठाचा श आणि मराठी वळणाचा ल हवा असेल तर डॉक्समध्ये तिरो देवनागरी मराठी हा फाँट निवडा. वाचायलाही तो सुखाचा आहे.

जुन्या लेखकांच्या वर्डच्या फायली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटांत असतात. या फाँटांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असल्याने डॉक्समध्ये उघडताच चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) रूपांतर केलं की मजकूर परत येतो. मात्र जोडाक्षरं आणि रफार नीट तपासा, चुका तिथेच राहतात. उलट बाजूला, डॉक्समधला युनिकोड मजकूर इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्यावर मात्रा-वेलांट्या सुट्या पडत असतील तर परिच्छेदाचा कंपोझर (ओळी जुळवणारी सेटिंग) 'अडोबी वर्ल्ड-रेडी' करा. पेजमेकर या मांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड कळतच नाही, तिथे पुन्हा जुन्या फाँटात रूपांतर करावं लागतं.

कामाचा तक्ता शीट्समध्ये ठेवला तर पुरतो: लेख, शब्दसंख्या, टप्पा, चित्रं आली का, मानधन. एकच काळजी घ्यायची. साधं फिल्टर लावलं की सगळ्यांच्याच पडद्यावरच्या ओळी लपतात आणि कुणाला तरी वाटतं लेख गायब झाला. 'फिल्टर व्ह्यू' वापरला की ते फक्त आपल्यापुरतं राहतं.

आता दूरून संगणक चालवणं. अक्षरजुळणीचं लायसन्स आणि फाँट एकाच संगणकावर असतात, म्हणून हे लागतंच. विंडोज होमवर बाहेरून येणारं विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप चालत नाही. क्रोम रिमोट डेस्कटॉप चालतं, राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. त्या संगणकावर 'रिमोट ॲक्सेस' चालू करून किमान सहा आकडी पिन ठेवायचा आणि त्या गूगल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावायची. एवढ्यावर काम सुरू होतं, पण टिकत नाही. संगणक झोपला की जोडणी मिळत नाही, म्हणून वीज जोडलेली असताना 'स्लीप' कधीच नाही, असं ठेवा. वीज जाऊन आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा म्हणून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) 'एसी पॉवर लॉस' नंतर 'पॉवर ऑन' निवडा. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये ही एक सेटिंग नसेल तर बाकी सगळी तयारी वाया जाते. विंडोज अपडेटने मध्येच रीस्टार्ट करू नये म्हणून 'ॲक्टिव्ह अवर्स' जास्तीत जास्त, म्हणजे १८ तास ठेवता येतात.

दूरच्या संगणकावर मराठी टाइप करताना आपला कीबोर्ड इंग्रजीवर आणि तिकडचा मराठीवर ठेवा. दोन्हीकडे मराठी असेल तर अक्षरं भलतीच पडू शकतात. दूरून शुद्धलेखन वाचू नये आणि रंगही ठरवू नयेत. चित्र दाबून येतं, त्यामुळे जोडणी मंद असली की अनुस्वार पुसट होतात आणि राखाडी छटा बदलतात. दूरून फक्त दुरुस्ती करा, पीडीएफ काढा, ड्राइव्हवर टाका आणि आपल्या पडद्यावर उघडून वाचा. मांडणीची फाइल एका वेळी एकानेच उघडावी. ड्राइव्ह तिला कुलूप लावत नाही, दोघांनी जतन केली की दोन प्रती होतात आणि कुठली खरी हे शोधण्यात दिवस जातो.

एकदाच मदत द्यायची असेल तर 'रिमोट सपोर्ट'चा बारा आकडी कोड वापरा, तो एकदाच चालतो. फोनवरून कुणी अनोळखी माणूस असा कोड मागत असेल तर देऊ नका. दूरून ताबा घेणाऱ्या ॲपमधून खात्यातले पैसे जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता.

राहिली सुरक्षित प्रत. 'ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप' या, ड्राइव्ह संगणकावर फोल्डरसारखं दाखवणाऱ्या ॲपमधलं फोल्डर पेन ड्राइव्हवर ओढलं की डॉक्स गेल्यासारखी वाटतात, पण जातो तो फक्त दुवा. खातं बंद झालं तर त्या फायलीत एक ओळही सापडणार नाही. ब्राउझरमधून फोल्डरवर 'डाउनलोड' दिलं की डॉक्स वर्डच्या फायली होऊन झिपमध्ये येतात. अंक छापायला गेला त्याच दिवशी हे झिप, छपाईची पीडीएफ आणि वापरलेले फाँट एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. सगळं खातं हवं असेल तर गूगलचं टेकआउट (खात्यातलं सगळं एकत्र उतरवून देणारी सोय) आहे. त्यात मिळणारा दुवा सात दिवसच चालतो, मेल आल्याबरोबर उतरवून घ्या.