‘द किड’ची ब्लू-रे: आधी घरचा प्लेअर बघा

चॅप्लिनच्या ‘द किड’ या मूकपटाची (१९२१) क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने काढलेली ब्लू-रे मागवणार असाल तर आधी एक तपासा. डिस्क ‘ए’ रीजनची, म्हणजे अमेरिकेकडच्या प्लेअरवर चालणारी, आहे आणि आपल्याकडचे प्लेअर ‘सी’ रीजनचे. सगळे रीजन चालवणारा प्लेअर नसेल तर अमेरिकेहून सोलापुरापर्यंत आणलेली डिस्क कपाटातच राहणार.

प्लेअर असेल तर माल चोख. चार-केमध्ये, म्हणजे फार बारकाईने, दुरुस्त केलेल्या प्रिंटमुळे पोराचं काम करणाऱ्या जॅकी कूगनच्या ढगळ स्वेटरची भोकं मोजता येतात. काच फोडायला तो हात मागे नेतो आणि तो हात मागे उभ्या असलेल्या पोलिसाला लागतो. त्या क्षणाचा जॅकीचा चेहरा थांबवून बघा. चित्रण सुरू झालं तेव्हा या पोराला पाच वर्षंही पूर्ण नव्हती.

डिस्कवरचा सिनेमा ५३ मिनिटांचा आहे, मूळचा याहून मोठा. चॅप्लिनने १९७० च्या सुमारास स्वतःच कात्री लावली, स्वतःचं संगीत घातलं. गेलं ते बहुतेक सिनेमातल्या आईचं काम. कापलेले प्रसंग एक्स्ट्रामध्ये सुटे मिळतात, सिनेमात जोडून बघता येत नाहीत. ही खोट आहेच.

पण पैसे वसूल होतात ते कूगनवरच्या व्हिडिओ-निबंधात. या पोराची चलती जेमतेम सहा-सात वर्षांची. १९२७ मध्ये त्याचे ते प्रसिद्ध केस कापले गेले, त्या कापण्यावरही सिनेमा निघाला, आणि मग मागणी ओसरली. कमाई तीस-चाळीस लाख डॉलर झाल्याचा अंदाज, पण कायद्याने ती आईबापांची. १९३८ मध्ये त्याने आई आणि सावत्र बापावर दावा लावला. हाती आले १ लाख २६ हजार डॉलर. त्यातून १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा कायदा झाला, आजही तो कूगनच्याच नावाने ओळखला जातो. हा भाग आणखी लांब चालला असता.

टीव्हीचं मोशन स्मूदिंग (मधली चित्रं स्वतःच भरून हालचाल सलग करणारी सोय) बंद ठेवा. तेव्हा कॅमेरा हाताने, मुद्दाम जरा हळू फिरवत, म्हणजे पडद्यावर हालचाल चपळ दिसे. स्मूदिंगने ती गुळगुळीत होऊन गंमत जाते. चित्र जवळजवळ चौकोनी आहे. बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या, ताणलंत तर जॅकी बुटका दिसेल.

पोरांना दाखवायचं तर पडद्यावर येणाऱ्या संवादांच्या पाट्या इंग्रजीत आहेत. थोड्याच आहेत, आधी एकदा वाचून ठेवा आणि मोठ्याने मराठीत सांगा. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगूत सांगणारं कुणी असेल तर उत्तम. मे महिन्याच्या दुपारी खिडकीला एक चादर पुरत नाही, दोन लावा. सोलापुरात चादरींना काय तोटा! चॅप्लिन भोक पडलेल्या पांघरुणातून डोकं काढून त्याचाच झगा करतो, तिथे पोरं खिडकीकडे बघून हसतात.