संभाजीनगरातलं व्यसनमुक्ती केंद्र: चार स्टार, न घाबरता जा

मावसभावाला बटनचा नाद लागला होता, म्हणजे नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम असल्या झोपेच्या गोळ्या, संभाजीनगरात गल्लीगल्लीत पोरं घ्यायलेत. सिडकोतल्या या केंद्राबद्दल आधीच कळलं होतं पण मावशी न्यायलाच तयार नव्हती, म्हणे डॉक्टरनी पोलिसाला कळवलं तर लेकरू आत जाईल, आणि या भीतीपायी दुखणं लई वाढलं.

इथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा कायदा समजावून सांगितला. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे नशेच्या पदार्थांच्या कायद्यात, नशा करणाऱ्यालाबी शिक्षा आहे, कलम २७, पण त्याच कायद्यात ६४अ पण आहे, नशा करणारा स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला आला तर त्याच्यावर खटला चालत नाही. हे गावात कुणालाच माहीत नाही!

गोळ्या एकदम बंद केल्या नाहीत, हळूहळू कमी केल्या, कारण या गोळ्या अचानक तुटल्या की फिट येऊ शकते, जीवावर बेततं. आता सांगा, असं पोरगं पकडून लॉकअपमध्ये टाकलं तर तिथं डोस कोण कमी करत बसणार? वरून नावावर केस, मग नोकरी नाही, सोयरीक नाही, पोरगं परत त्याच अड्ड्यावर. विकणाऱ्याला धरा, त्याला माझा फुल सपोर्ट आहे, पण घेणाऱ्याची शिक्षा कायद्यातून काढायलाच पाहिजे. पोर्तुगालनी २००१ पासून तेच केलंय, स्वतःपुरता दहा दिवसांचा साठा सापडला तर जेल नाही, एका समितीसमोर बसवतात आणि उपचाराकडं वळवतात, विक्री मात्र तिथं अजून गुन्हाच आहे.

मारहाण, कोंडून ठेवणं इथं अजिबात नाही, घरच्यांना भेटू देतात, फोन करू देतात. दुसरीकडं न्यायचं असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखालचं रजिस्ट्रेशन आहे का ते आधी विचारा, साखळीनं बांधणाऱ्या ठिकाणी लेकरू सोडू नका.

एक स्टार कापला कारण बायांसाठी वेगळा वॉर्ड नाही, आणि बीड-जालन्याकडून येणाऱ्या नातेवाईकांना रात्री थांबायला जागा नाही.

जाताना आधार कार्ड आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन जा, डोस ठरवायला डॉक्टरला तीच लागतात. लांब असाल तर आधी १४४४६ ला फोन लावा, सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट.