पहिली एअर रायफल: स्प्रिंगची घ्यावी की पीसीपी?

स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक घेतलं, आणि त्या आठवड्यापासून एकच प्रश्न मला दहा-बारा जणांनी तरी विचारला असेल: पहिली रायफल कोणती घेऊ? विचारणारे बहुतेक कोल्हापूर, सांगली, कराड या पट्ट्यातले. कुणाला मुलीसाठी हवी असते, कुणाला स्वतःसाठी. स्वप्नीलचा प्रकार ५० मीटरचा, पण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात १० मीटरवर एअर रायफलनंच होते. मी दोन्ही वापरल्या आहेत. आधी दीड वर्ष स्प्रिंगची ब्रेक-बॅरल, म्हणजे दर शॉटला नळी मोडून स्प्रिंग दाबायची ती, नंतर पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. दोन्ही आजही घरात आहेत, त्यामुळे जे लिहितोय ते वापरून झालेलं आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, हे मान्य करूनच लिहितो.

४.५ मिलिमीटरच्या नळीची, म्हणजे .१७७ ची, आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची रायफल घ्यायची हे तुम्हाला ठाऊक असेलच. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे तिला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि वयाचा पुरावा मागतो, तो द्यावा. .२२ च्या वाटेला जाऊ नका. तिला परवाना लागतो, आणि १० मीटरच्या स्पर्धेत ती चालतही नाही.

आधी स्प्रिंगवालीबद्दल चांगलं बोलतो, कारण तिच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ धजत नाही. आमचं घर जुनं, लांबट. सोप्यातल्या उंबऱ्यापासून परड्यातल्या भिंतीपर्यंत बरोबर १० मीटर भरतात, थोडे जास्तच. भिंतीशी लाकडी खोकं, त्यात मागे लोखंडी पत्रा, पुढे दाबून भरलेली जुनी वर्तमानपत्रं आणि त्यावर टार्गेटचं कार्ड. कार्डाचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर. परड्याचं दार आतून कडी लावून बंद, म्हणजे मधे कुणी यायचा प्रश्न नाही. एवढ्यावर माझी रेंज तयार झाली. रायफल दहा-बारा हजारांत आली होती. तिला ना पंप लागला, ना सिलिंडर. सकाळी चहा व्हायच्या आत २० शॉट मारून कामाला जाता यायचं. पावसाळ्यात तेलाचा हात फिरवला की वर्षभर तक्रार नाही. आपल्याकडच्या स्पर्धांत ओपन साइटचा, म्हणजे मागची खाच आणि नळीच्या टोकावरची माशी जुळवून नेम धरायचा, वेगळा गट असतो, त्यात अशा रायफलीनं उतरताही येतं. मी उतरलो, आणि पहिल्या वेळी २०० मध्ये १४१ आले तेव्हा घरी पेढे आणले होते.

मग अडलं कुठं?

रविवारी मी कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर जाऊ लागलो. तिथले सर नवीन माणसाला पहिल्या दिवशीच एक खडू देतात. उभं राहायचं, डोळे मिटून रायफल वर घ्यायची, डोळे उघडून बघायचं की माशी टार्गेटवर आपसूक आली का. नसेल तर हातानं ढकलायची नाही, मागचा पाय बोटभर सरकवायचा. जमलं की दोन्ही बुटांभोवती खडूनं रेघ ओढायची. त्या रेघेच्या आत पुढचा तासभर पाय हलता कामा नये. उभ्यानं मारायच्या रायफलीचं सगळं गणित त्या दोन रेघांत असतं, कारण १० मीटरवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

मी पहिला शॉट मारला. आठ लागला. रायफल खाली घेतली, दस्ता मांडीला टेकवला, डाव्या हातानं नळी धरून खाली मोडली. स्प्रिंग दाबायला जोर लागतो, जोर लावायचा म्हणजे कंबर वाकते, आणि कंबर वाकली की टाच उचलते. छर्रा घातला, नळी बंद केली, पुन्हा उभा राहिलो. सर म्हणाले, “खाली बघा.” डावा बूट रेघेवर आला होता आणि खडू पुसला गेला होता. “हा तुमचा दुसरा शॉट नाही. ही दुसरी पोझिशन आहे.”

माझा निर्णय त्या पुसलेल्या रेघेनं केला. पुढचे कित्येक महिने मी उपाय शोधत राहिलो. पाय न हलवता नळी मोडायची सवय करून पाहिली, रायफल स्टुलावर टेकवून पाहिली, सोप्यातल्या फरशीवर पांढरी चिकटपट्टी लावून पाहिली. दहा शॉटपर्यंत जमायचं. विसाव्या शॉटला डावा खांदा भरून यायचा, आणि खांदा दमला की शरीर आपोआप कंबरेची मदत घेतं. स्पर्धेत ६० शॉट असतात आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्यांना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. त्यात ६० वेळा नळी मोडायची आणि ६० वेळा नव्यानं उभं राहायचं. जो शिकतोय त्याला नेमकं कळत नाही की नऊचा सात कशामुळे झाला. ट्रिगर ओढला गेला, श्वास चुकला, की पायच हलला होता?

त्यात स्प्रिंगचा स्वतःचा झटका. ट्रिगर सुटला की आत पिस्टन पुढे धावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल हलते. डावा तळवा दोन बोटं पुढे धरला की छर्ऱ्यांच्या भोकांचा ग्रुप वर जायचा, मागे धरला की खाली. अशी रायफल सैल, हलक्या हातानं धरावी लागते. पण स्पर्धेच्या पोझिशनमध्ये डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून रायफलीचं वजन हाडांवर सोडायचं असतं. एका रायफलीवर एक धरणं शिकायचं आणि पुढे दुसरं, असं होऊन बसतं. मला जुनी सवय मोडायला जवळजवळ सहा महिने लागले.

स्प्रिंग मुळात वाईट असते, असा याचा अर्थ नाही. फाइनवेर्कबाउची ३०० मालिका स्प्रिंगचीच होती आणि तिनं एक काळ गाजवला. पण तिची नळी मोडत नाही, बाजूचा लिव्हर ओढायचा असतो, आणि आतली यंत्रणा रुळावर मागे सरकून झटका गिळते. आपल्या दुकानात दहा-पंधरा हजारांत मिळते ती ही नव्हे. जुनी साइड-लिव्हरची मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेसाठीच बनवलेली, एकदा लिव्हर ओढला की एका शॉटची हवा भरणारी, एखाद्या क्लबच्या कपाटात पडून असेल आणि तिची सील शाबूत असतील, तर माझं खालचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी ती मागून घ्या.

आता पीसीपी. सिलिंडरमध्ये हवा आधीच भरलेली, त्यामुळे शॉटनंतर करायचं एवढंच: रायफल स्टँडवर टेकवायची, बोल्ट दोन बोटांनी मागे घ्यायचा, छर्रा ठेवायचा, बोल्ट बंद. पाय जिथल्या तिथे. मी पहिल्यांदा सलग २० शॉट मारले आणि खाली पाहिलं तेव्हा खडूची रेघ जशीच्या तशी होती. त्या दिवशीचा स्कोअर मला आठवत नाही, रेघ आठवते.

पण हिचा त्रास हवेचा. तो लपवून उपयोग नाही. आमच्या गावात हवा भरून देणारं कुणी नाही, म्हणून हातपंप घेतला. दिसायला सायकलच्या पंपासारखा, काम मात्र २०० बार दाबाचं. १०० बारपर्यंत बोलत बोलत होतं. १५० च्या पुढे प्रत्येक दाबाला अंगाचं सगळं वजन दांड्यावर टाकावं लागतं. माझं वजन ६८ किलो, मला कष्टानं जमतं. पन्नासेक दाब झाले की थांबायचं, कारण पंप तापतो आणि तापलेल्या पंपाची सील लवकर जातात. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतलं पाणीही आत जातं, म्हणून पंपाला ओलावा टिपणारी कुपी जोडावी आणि आतले दाणे रंग बदलले की बदलावे. तेल मात्र कधी घालायचं नाही, लागलं तर सिलिकॉनचं ग्रीस. आणि दवाखान्यातला किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन कुणी कितीही सहज देऊ केला तरी भरायचा नाही, तो जीवावर बेततो. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. १० वर्षांच्या पुढचा सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत अडवतात, म्हणून जुनी रायफल घेताना किमतीच्या आधी ती तारीख वाचा.

माझा हिशेब असा झाला: आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, वीस मिनिटं पंप मारायचा, आणि बाकीचे सहा दिवस शांतपणे उभं राहायचं. स्प्रिंगमध्ये तोच घाम शॉटाशॉटाला थोडा थोडा गाळावा लागतो, आणि तोही नेम धरायच्या ऐन आधी. घाम दोन्हीकडे आहेच. तो कधी गाळायचा हे मला ठरवता येतं, एवढ्यासाठी माझा कौल पीसीपीकडे झुकतो.

ड्राय प्रॅक्टिसमुळे तो आणखी झुकला. छर्रा न घालता, हवा न सोडता नुसता ट्रिगर दाबायचा सराव, घरी रोज अर्धा तास, भिंतीवरच्या ठिपक्यावर. नेमबाजी खरी वाढते ती यात. स्प्रिंगची रायफल रिकामी मारली की पिस्टन धाडकन आपटतो आणि सील फुटतं, म्हणून तिच्यात ड्राय करताच येत नाही. मॅच पीसीपीत त्यासाठी वेगळी सोय असते. सुरुवातीच्या स्वस्त पीसीपीत ती असेलच असं नाही, तेव्हा दुकानात नळीची लांबी आणि वेग विचारण्याआधी हे विचारा.

पैशांचं बोलायचं तर फरक मोठा आहे. देशी पीसीपी मला स्प्रिंगच्या तिप्पट पडली, वर पंपाचे वेगळे. आयात केलेली मॅच रायफल दोन लाखांच्या पुढे जाते, पण तो विचार पहिल्या वर्षी करूच नये. ज्यांना नेमबाजी आवडेल की नाही हेच अजून ठाऊक नाही त्यांनी तीन महिने रेंजवरची रायफल वापरावी. आणि ज्यांच्याजवळ रेंज नाही, हाताशी फार पैसे नाहीत, ओपन साइटवर मन रमवायचं आहे, त्यांनी खुशाल स्प्रिंगची घ्यावी. तिनं मला दीड वर्ष रोज सकाळी उठवलं, हे मी विसरत नाही. फक्त मुलांसाठी घेत असाल तर जरा थांबा. बारा वर्षांच्या पोराला नळी मोडता येत नाही, मग प्रत्येक शॉटला बाप लागतो. पीसीपीत बाप फक्त रविवारी लागतो.

बाकी सामानात लोक आधी जॅकेटवर पैसे घालतात. मी आधी छर्रे आणि बूट म्हणेन. छर्रा चपट्या डोक्याचाच घ्यावा. तो कार्डाला पंचसारखं गोल, स्वच्छ भोक पाडतो. टोकदार छर्रा कागद फाडतो आणि मग नऊ की दहा यावर वाद होतो. डबी उघडली की दहा-वीस छर्रे तळहातावर घेऊन मागची कडा बघा. चेपलेली असेल तर तो छर्रा सरावाला बाजूला काढा. मी तीन प्रकारचे छर्रे एकाच दिवशी मारून पाहिले, आणि सगळ्यात महागडा माझ्या नळीला मानवला नाही. शिसं हाताला लागतं, तेव्हा साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नका.

बुटांचं म्हणाल तर सपाट, कडक तळाचे, घोटा धरणारे. साध्या पळायच्या बुटांचा मऊ तळ सतत हलत राहतो, ते उभं राहिल्यावर पोटरीत कळतं. मग जॅकेट, तेही अंगाला मापून शिवलेलं. दुसऱ्याचं वापरलेलं जॅकेट स्वस्त मिळतं, पण त्याच्या खांद्याची घडी त्याच्या अंगाची असते. ग्लोव्ह लगेच घ्या, स्वस्त आहे. पीप साइट, म्हणजे डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून नेम धरायची साइट, पीसीपीबरोबर येत नसेल तर तिचे पैसे सुरुवातीलाच धरून ठेवा. पँट वर्षभर नसली तरी चालते.

आणि दुकानात किंवा रेंजवर रायफल बघायला जाल तेव्हा खिशात एक खडू ठेवा. दोन्ही रायफली मागून घ्या, पण दुकानात त्या रिकाम्या मारू नका. रेंजवर सरांच्या देखरेखीखाली उभे राहा, बुटांभोवती रेघ ओढा, आणि दोन्हींवर दहा-दहा शॉट मारा. टार्गेटकडे नंतर बघा, आधी खाली बघा.