सांगलीतील ग्रंथालयशास्त्र पदव्युत्तर अभ्यासकेंद्र : एका नोकरदार विद्यार्थ्याचा अभिप्राय

शाळेच्या ग्रंथालयातील नोकरी सांभाळून एम.लिब. करता यावे, म्हणून मी विश्रामबाग परिसरातील एका दूरशिक्षण अभ्यासकेंद्रात प्रवेश घेतला. रविवारच्या संपर्कसत्रांतील वर्गीकरणाचे अध्यापन खरोखर उत्तम होते. पुस्तकांना विषयवार अंक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक का मिळतो आणि ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेली द्विबिंदू पद्धत एकाच विषयाची अनेक अंगे वेगवेगळी करून पुन्हा कशी जोडते, हे सरांनी आमच्याच कपाटातील पुस्तके हातात देऊन समजावले. (मी बारा वर्षे नुसते अंक डकवीत होतो, हे तेव्हा उमगले.)

संगणकीकरणाच्या प्रात्यक्षिकांबाबत मात्र निराशा झाली. ‘कोहा’ ही ग्रंथालयाचे कामकाज सांभाळणारी संगणकप्रणाली मुक्त आणि विनामूल्य असूनही ती एकाही संगणकावर बसवलेली नव्हती. मार्क २१ नोंदी (संगणकाला वाचता येतील अशा ठरावीक साच्यातील पुस्तकांच्या नोंदी) आम्ही फळ्यावरच केल्या. स्वाध्याय तपासून मिळण्यासही फार विलंब झाला. शुल्क वाजवी आहे. वर्गीकरण मुळापासून शिकायचे असल्यास प्रवेश अवश्य घ्यावा, परंतु ‘कोहा’चा सराव घरच्या संगणकावर करण्याची तयारी ठेवावी.