द ब्लू नाईलची ‘हॅट्स’ एलपी: आठ महिन्यांनंतर, फ्रीजसकट

स्कॉटलंडच्या द ब्लू नाईल या बँडच्या या रेकॉर्डमध्ये मध्येच टिक असा आवाज येतो म्हणून मागे तिला दोन स्टार देऊन ‘प्रेसिंग (रेकॉर्डची छपाई) खराब, घेऊ नका’ असं ठोकून दिलं होतं मी. ते मागे घेतोय. सगळं नाही, अर्धं.

घेतली तेव्हा ३,२०० पडले. गाणी सात, सगळी मिळून ३९ मिनिटंसुद्धा भरत नाहीत, म्हणजे गाण्यामागे ४५७ रुपये. पहिला अल्बम १९८४ चा, हा १९८९ चा, पाच वर्षं लावून सात गाणी, ग्लासगोची ही तीन माणसं आमच्या सोसायटीच्या लिफ्टवाल्याचे नातलग असावेत असं तेव्हा वाटलेलं.

आता मुद्द्याचं, म्हणजे ती टिक. ‘फ्रॉम अ लेट नाइट ट्रेन’मध्ये पियानो, लांबून येणारा ट्रम्पेट आणि गायक पॉल बुकॅननचा थकलेला आवाज, बाकी जवळजवळ काहीच नाही. पंखा बंद करून घाम पुसत ऐकायचं गाणं आहे ते. आणि नेमकं त्यात खट्ट! एकदाच, पण असं की मांजराने ताटली पाडल्यासारखं. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, सर, रेकॉर्डवर ओरखडा असेल तर टिक दर फेरीला येते, ३३ च्या स्पीडला १.८ सेकंदाला एक, तुमची एकदाच येते ना, मग रेकॉर्ड चांगली आहे. मी चिडलो. गणित मला शिकवतो का? २४० रुपये कुरिअरला घालून परत पाठवली, आठ दिवसांनी ‘आमच्याकडे नीट वाजली’ अशी चिठ्ठी लावून तीच परत आली. मग सुई बदलली, आणखी खर्च. खट्ट आहेच. फक्त आता कधी ‘सेव्हन ए.एम.’मध्ये, कधी शेवटच्या ‘सॅटर्डे नाइट’मध्ये. खरंतर तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

मे महिन्यात आईने बर्फ काढायला फ्रीज बंद केला. त्या दुपारी मी अख्खी रेकॉर्ड ऐकली, खट्ट नाही. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना वायरिंगमधून फटका स्पीकरपर्यंत यायचा. मोठ्या आवाजाच्या रेकॉर्डींत तो ऐकूच येत नव्हता इतकी वर्षं. दुकानदार बरोबर होता. कुरिअरचे २४० मात्र त्याने द्यायला हवे होते, चिठ्ठी लिहिण्याऐवजी आधीच नीट समजावलं असतं तर ते वाचले असते.

ड्रम मशीनबद्दलही मत बदललंय. आधी ‘मेलेला ठोका’ लिहिलं होतं. पण ‘द डाउनटाउन लाइट्स’ सहा मिनिटांच्या वर चालतं, ठोका तसूभर हलत नाही, आणि तो हलत नाही म्हणूनच बुकॅननचा आवाज हललेला कळतो. शेवटाकडे तो नुसती रस्त्यावर दिसणाऱ्या वस्तूंची यादी म्हणत सुटतो आणि गळा फाटायच्या बेतात येतो. टेलर स्विफ्टने २०२४ मध्ये आपल्या एका गाण्यात या गाण्याचं नाव घेतलं, तेव्हापासून भाचीपण ऐकते, तिला फुकटात मिळालं. त्या काळच्या कॉलेजांच्या रेडिओवर वाजणाऱ्या गिटार बँडांशेजारी हे ठेवलं की वाटतं बाकीचे हॉस्टेलवर आहेत आणि हे ऑफिस सुटून पावसात टॅक्सी बघतायत. त्याच काळातला इंग्लंडचा बँड प्रीफॅब स्प्राउटपण गोड, पण ते जरा हुशारी दाखवतात.

एक गंमत, ही रेकॉर्ड काढणारी लिन कंपनी मुळात टर्नटेबलवाली, म्हणजे रेकॉर्ड वाजवायची यंत्रं बनवणारी, सोंडेक एलपी१२ हे महागडं टर्नटेबल त्यांचंच. ते मी घेणार नाही, किडनी लागेल. वायरमनने वेगळी लाइन ओढायचे २,८०० सांगितले, तेही देणार नाही.

फ्रीज चाळीस मिनिटं बंद ठेवतो. घरात आइस्क्रीम असेल त्या दिवशी आई ठेवू देत नाही, तेव्हा एकच बाजू.

साडेचार स्टार. अर्धा कुरिअरचा कापलाय.