इन्सुलिन बंद करून देतो म्हणणाऱ्याने आम्हाला कसं गंडवलं

लिहू की नको करत बरेच दिवस गेले, कारण यात आमचाच बावळटपणा जास्त आहे. पण परवा एका ओळखीच्या बाईंचा फोन आला, त्यांच्या ९ वर्षांच्या मुलाला नुकताच टाइप वन डायबेटिस निघालाय आणि त्यांना आलेला मेसेज शब्द न शब्द आम्हाला आला होता तोच. म्हणून लिहितेय.

लेक तेव्हा ७ वर्षांची. रात्री चार चारदा शूला उठायची, सारखं पाणी पाणी, कपडे ढगळे व्हायला लागले आणि आम्ही म्हणतोय उंची वाढतेय पोरीची. मग एक दिवस उलट्या सुरू झाल्या आणि थेट आयसीयू. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं, की तिच्याच शरीराने स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्यात, तुमचं काही चुकलेलं नाही, आणि इन्सुलिन आता आयुष्यभर. आयुष्यभर म्हटल्यावर माझे कानच बंद झाले, पुढचं काही डोक्यात शिरलंच नाही.

घरी आल्यावर दिरांनी कुठल्यातरी ग्रुपवरून एक नंबर पाठवला. माणूस इतका गोड बोलायचा की काय सांगू. इन्सुलिन बंद करा असं तो आधी अजिबात म्हणाला नाही, उलट म्हणाला, "ताई, इंजेक्शन चालूच ठेवा, फक्त सोबत आमची पावडर द्या आणि डोस आपोआप कसा खाली येतो ते वहीत लिहून ठेवा." आणि खरंच आला हो! दिवसाला १६ युनिट लागायचे ते महिन्याभरात ७ वर. आम्ही दोघं त्या वहीकडे बघून रडलो. सहा महिन्यांच्या कोर्सचे पैसे त्याच रात्री पाठवले, तेही उसने घेऊन.

बऱ्या झालेल्या एका मुलाचा रिपोर्ट त्याने दाखवला होता, एचबीएवनसी दहा दिवसांत ११ वरून ५.२. ही टेस्ट रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, दहा दिवसांत इतकी उतरूच शकत नाही, हे मला आता कळतं. डब्यावर कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, आत काय आहे तेही नाही. तेव्हा हे सगळं डोळ्यांसमोर होतं पण बघायचं कोणाला होतं.

पैसे पोचल्यावर भाषा बदलली. "इन्सुलिनने शरीर आळशी होतं ताई, आता हिंमत करा." केली हिंमत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शुगरच्या मीटरवर आकडाच येईना, नुसतं 'हाय', म्हणजे आमच्या मीटरवर ६०० च्या वर. लेक पोट धरून पडलेली, श्वास खोल आणि भराभर, आणि तोंडाला सडत आलेल्या फळासारखा वास. त्याला फोन केला तर म्हणे विष बाहेर पडतंय, पाणी पाजत रहा. आम्ही चार तास पाणी पाजत बसलो. हे चार तास मी कोणालाच सांगितले नव्हते. शेवटी यांनी तिला उचललं आणि गाडी काढली. कीटोअॅसिडोसिस झाला होता, म्हणजे इन्सुलिन नसल्याने रक्तात आम्ल साचलं होतं, परत आयसीयू, परत तोच बेड बहुतेक.

डॉक्टर रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त वही मागितली आणि विचारलं पावडर कोणत्या तारखेला सुरू केली. मी तारखेवर बोट ठेवलं. त्यांनी त्याच्या आधीच्या ओळी वाचल्या, १६, १५, १३. पावडर घरात यायच्या आधीच डोस उतरायला लागला होता, आणि ते माझ्याच अक्षरात होतं. इन्सुलिन सुरू झालं की उरल्यासुरल्या पेशींना आराम मिळतो आणि त्या काही दिवस, काही महिने पुन्हा थोडं काम करतात, याला हनिमून फेज म्हणतात (नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं). डॉक्टरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. नंतर त्या पेशीही जातात आणि डोस पुन्हा चढतो. त्या माणसाला हे आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं, म्हणून तर तो नुकतं निदान झालेल्यांनाच गाठतो, जुन्या पेशंटच्या वाटेला जात नाही.

नंतर वाचलं की पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं ते जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटोला, १४ वर्षांच्या एका मुलाला. त्याआधी अशी मुलं उपासमारीच्या डाएटवर कशीबशी महिने, फार तर एखाद दोन वर्षं काढायची. आणि मी ते हातात असून बंद केलं.

तक्रार केली, नंबर बंद, पैसे गेले ते गेलेच. त्या बाईंना मी एवढंच विचारलं की डोस कमी व्हायला लागलाय का. म्हणाल्या, "अगं हो, कालच डॉक्टरांनी दोन युनिट कमी केले, तुला कसं कळलं?"